सजगतेच्या ॲपमुळे ताण कमी होण्याऐवजी अधिकच जाणवू लागला आहे: सराव चुकतो आहे का?

ताळेबंद यांचा प्रश्न

नमस्कार. मी हिशेबाच्या खात्यात काम करते. महिनाअखेरचे चार-पाच दिवस सोडले तर काम अवघड नाही, पण उरलेल्या महिन्यावरही त्या दिवसांचे सावट असते. छातीत धडधडणे, रात्री मध्येच जाग येऊन न जुळलेल्या रकमा डोळ्यांपुढे येणे, घरच्यांवर विनाकारण डाफरणे असे सगळे सुरू झाल्यावर मी डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली. शरीरात काही दोष नाही, ताण तेवढा कमी करा, असे त्यांनी सांगितले. ताण कमी करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे विचारायचे मला तिथे सुचले नाही. शेवटी एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून सजगतेचे, म्हणजे हल्ली सगळे ज्याला माइंडफुलनेस म्हणतात त्याचे, प्रशिक्षण देणारे एक ॲप फोनवर घेतले. आज सराव सुरू करून 24 दिवस झाले.

रोज 10 मिनिटांचे एक सत्र असते. डोळे मिटून बसायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचे, लक्ष भरकटले की ते ओळखायचे आणि परत आणायचे, अशा सूचना एक शांत आवाज देत राहतो. पहिल्या आठवड्यात बरे वाटले. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र उलटेच घडू लागले आहे. परवा एका बैठकीत बसले असताना लक्षात आले की माझा जबडा इतका आवळलेला आहे की दाढा दुखत आहेत, आणि टेबलाखाली उजवी टाच सारखी नाचते आहे. हे पूर्वीही होत असणारच, पण मला त्याचा पत्ता नव्हता. आता दिवसातून पंधरा-वीस वेळा पत्ता लागतो: खांदे कानांशी आलेले असतात, श्वास अर्ध्यावर अडलेला असतो, मूठ वळलेली असते. प्रत्येक वेळी मनात येते की इतके दिवस सराव करूनही मी अशीच आहे, आणि मग त्या विचाराचाच वेगळा ताण येतो.

दुसरी अडचण फोनचीच आहे. माझ्या ताणातला निम्मा वाटा फोनवर येणाऱ्या संदेशांचा आहे, आणि त्यावरचा उपायही त्याच फोनमध्ये शोधायचा, हे मला काहीसे विचित्र वाटते. त्यातच सलग किती दिवस सराव झाला, याचा आकडा हे ॲप दाखवते. गेल्या गुरुवारी रात्री 11 वाजून 52 मिनिटांनी मला आठवले की आजचे सत्र राहून गेले आहे. अंथरुणात पडल्या पडल्या सत्र लावले, ते सुरू असतानाच कार्यालयाच्या गटावर आलेले तीन संदेश वाचले, आणि शेवटी आकडा 17 चा 18 झालेला पाहून हायसे वाटले. त्या 10 मिनिटांत मला श्वासाची आठवणदेखील झाली नव्हती.

ताण अधिक जाणवणे हे सराव चुकत असल्याचे लक्षण आहे का, सरावासाठी फोन हे साधन मुळात योग्य आहे का, आणि आपल्याला फरक पडतो आहे की नाही हे ओळखायचे कसे, या तीन गोष्टींबद्दल अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती.

पुन्हा_श्वास यांचे उत्तर

तुमच्या प्रश्नातील जबड्याचा प्रसंग मी दोनदा वाचला, कारण अडचण कुठे आहे ते तुम्ही स्वतःच तिथे लिहून ठेवले आहे. जबडा आवळलेला आहे हे कळणे, इथपर्यंतचा सराव तुम्हाला उत्तम साधला आहे. ते कळल्याबरोबर मनात जे वाक्य उमटते, "मी अजून अशीच", त्या वाक्याचे काय करायचे, हे तुम्हाला कोणी शिकवलेले नाही. प्रशिक्षणाचा अर्धा भाग तुमच्यापर्यंत पोहोचला आहे आणि अर्धा राहिला आहे, असे माझे मत आहे.

सजगतेत दोन निरनिराळी कौशल्ये असतात. शरीरात आणि मनात या क्षणी काय चालले आहे त्याची नोंद घेणे, हे पहिले. जे दिसले त्याच्याशी भांडण न मांडता त्याला तसेच असू देणे, हे दुसरे. एमिली लिंडसे आणि डेव्हिड क्रेसवेल या संशोधकांनी 2017 मध्ये यावर एक सिद्धान्त मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की नुसते निरीक्षण वाढले तर सगळेच अनुभव ठळक होतात, सुखाचे तसे दुःखाचेही. त्यामुळे ज्याच्या वाट्याला सध्या ताण आहे त्याला ताणच ठळक दिसणार. त्या अनुभवाला असू देण्याची सवय जोडीला आली, तरच शरीराची ताणाला मिळणारी प्रतिक्रिया सौम्य होते.

हे त्यांनी फोनवरच तपासून पाहिले, म्हणून तुमच्या बाबतीत ते फार लागू पडते. कार्नेगी मेलन विद्यापीठात झालेला हा प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ताणाखाली असलेल्या सुमारे 150 प्रौढांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत विभागले आणि तिन्ही गटांना फोनवरून रोज सुमारे 20 मिनिटांचा एक धडा, असे दोन आठवडे प्रशिक्षण दिले. पहिल्या गटाला निरीक्षण आणि स्वीकार ही दोन्ही कौशल्ये शिकवली, दुसऱ्याला केवळ निरीक्षण, आणि तिसऱ्याला सजगतेचा संबंध नसलेले, अडचणींवर विचार करून मार्ग काढण्याचे धडे दिले. नंतर सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावून मुद्दाम ताण येईल अशी परीक्षा घेतली.

ही परीक्षा कशी असते हे थोडे सांगतो, कारण महिनाअखेरच्या तुमच्या बैठकीशी तिचे बरेच साम्य आहे. जर्मनीतील ट्रियर विद्यापीठात 1993 मध्ये तयार झालेल्या मूळ पद्धतीत माणसाला परीक्षकांसमोर उभे करून पाच मिनिटे भाषण करायला लावतात आणि पुढची पाच मिनिटे तोंडी हिशेब करायला लावतात: 1022 मधून 13 वजा करा, आलेल्या उत्तरातून पुन्हा 13 वजा करा, आणि चूक झाली की पहिल्यापासून सुरुवात करा. समोरचे परीक्षक हसत नाहीत, मान डोलावत नाहीत, चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाहीत. भल्याभल्यांना घाम फुटतो. रक्तदाब तिथल्या तिथे मोजतात, आणि कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे संप्रेरक लाळेच्या नमुन्यांतून मोजतात. त्याची पातळी काहीशी उशिरा चढते, म्हणून परीक्षा संपल्यावरही नमुने घेत राहावे लागतात.

दोन्ही कौशल्ये शिकलेल्या गटात कॉर्टिसॉलची आणि रक्तदाबाच्या वरच्या आकड्याची वाढ इतर दोन गटांपेक्षा कमी झाली. केवळ निरीक्षण शिकलेल्यांना हा लाभ मिळाला नाही. आणखी एक गोष्ट मला त्याहूनही महत्त्वाची वाटते: त्या वेळी ताण किती वाटला असे विचारले, तेव्हा तिन्ही गटांनी साधारण सारखेच सांगितले. म्हणजे ताण वाटतच नव्हता असे नव्हे. वाटत होता, पण शरीर त्याच्यामागे धावत सुटले नाही. तेव्हा "मला अजून ताण जाणवतो" एवढ्यावरून सराव फुकट गेला, असा निष्कर्ष काढू नका.

आता स्वीकार म्हणजे काय, याविषयी. मी स्वतः पहिले वर्षभर या शब्दाचा चुकीचा अर्थ लावून बसलो होतो. आपल्या भाषेत दोन वाक्ये आहेत, "जाऊ दे" आणि "असू दे". आपण ती एकमेकांच्या जागी सहज वापरतो, पण या सरावात त्यांच्यात मोठे अंतर आहे. "जाऊ दे" म्हणताना आपण त्या गोष्टीला दाराबाहेर ढकलत असतो आणि ती गेली का, हे पुनःपुन्हा बघत असतो. जबडा आवळलेला दिसला की मी लगेच तो सैल करायचो, तो मिनिटभराने पुन्हा आवळला जायचा आणि मी चिडायचो. "असू दे" म्हणताना तिला बसायला जागा दिलेली असते. ती जावी अशी अट नसते.

प्रत्यक्षात करायचे ते असे. पुढच्या वेळी जबडा आवळलेला आढळला की तो सैल करण्याची घाई करू नका. दहा सेकंद तो तसाच राहू द्या आणि आवळ नेमका कुठे आहे ते पाहा: कानाच्या खाली आहे की गालाच्या स्नायूत, दोन्ही बाजूंना सारखा आहे की एका बाजूला जास्त, स्थिर आहे की श्वासागणिक बदलतो. मग मनातल्या मनात, आपण कुणाला सरकून जागा करून देतो त्या स्वरात, "बरं, असू दे" म्हणा. "मी अजून अशीच" हे वाक्य उमटले तर तेही जबड्यासारखेच धरा. एक विचार आला, एवढीच त्याची नोंद. स्वर महत्त्वाचा आहे. करड्या आवाजात म्हटलेले "असू दे" हे "जाऊ दे"च असते.

एक खुलासा केलेला बरा. स्वीकार आहे तो या क्षणीच्या संवेदनेचा, परिस्थितीचा नव्हे. काम अवाजवी असेल तर वरिष्ठांशी बोलायचेच आहे. फक्त ते बोलताना दाढा आवळलेल्या नसल्या तर अधिक बरे बोलता येते.

तुमच्या ॲपमध्ये पाठांची यादी असेल. त्यात स्वीकार, समभाव, मोकळीक किंवा अवघड भावनांसोबत राहणे, अशा नावांचे पाठ आहेत का ते पाहा. श्वासाचेच पाठ पुनःपुन्हा येत असतील आणि पुढे काहीच नसेल, तर ॲप बदला.

कोरी_पाटी यांचे उत्तर

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, म्हणून फक्त फोनविषयी लिहिते. फोन हे साधन योग्य की अयोग्य, हे तो हातात असताना आपण आणखी काय काय करू शकतो यावर ठरते. तुम्ही सत्र चालू असताना संदेश वाचलेत, कारण ते वाचता येत होते. मनोनिग्रहाची परीक्षा घेण्यापेक्षा वाट बंद करणे सोपे असते.

आठवड्याची सत्रे एकदम उतरवून ठेवा, म्हणजे ती ऐकायला इंटरनेट लागणार नाही. सत्राच्या वेळी फोन विमान मोडवर टाका, पालथा ठेवा आणि हात पोहोचणार नाही इतका लांब ठेवा. मी तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आवाज मोठा करून ठेवते. सत्र संपल्यावर उठून तिथपर्यंत चालत जावे लागते आणि त्या आठ पावलांत सराव थोडा मुरतो. पूर्वी शेवटची घंटा वाजण्याआधीच माझा अंगठा दुसऱ्या ॲपवर गेलेला असायचा. सलग दिवसांचा आकडा सेटिंगमधून लपवता येतो का ते पाहा, आणि येत नसेल तर एक दिवस जाणूनबुजून सत्र चुकवा. आकडा शून्यावर आला की त्याची भीती राहत नाही. मी तसेच केले. त्या रात्री झोप जरा उशिरा लागली, हे मात्र कबूल करते.

रात्री 11 वाजून 52 मिनिटांची वेळ सोडून द्या. आधीच ठरलेल्या एखाद्या कामाला सराव जोडा: कार्यालयात पोहोचल्यावर संगणक सुरू करण्याआधी, किंवा घरी आल्यावर कपडे बदलण्याआधी. वेळ घड्याळावर टांगलेली असली की हुकते, कामाला बांधलेली असली की टिकते. आणि ॲपकडून आठवणीच्या सूचना घेऊ नका. "शांत होण्याची वेळ झाली" असे लिहिलेली सूचना सतरा सूचनांच्या खाली अठरावी म्हणून येते, तेव्हा तिचा उपयोग नेमका उलटा होतो.

आकडे_पाहून यांचे उत्तर

मी या विषयाचा विरोधक नाही, मात्र पुन्हा_श्वास यांच्या उत्तरामुळे दोन आठवड्यांत सगळे बदलते असा समज होऊ नये, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

सजगतेचे प्रशिक्षण वैद्यकीय क्षेत्रात रुजले ते जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेल्या अभ्यासक्रमामुळे. तो आठ आठवड्यांचा असतो, दर आठवड्याला साधारण अडीच तासांचा वर्ग असतो, आणि घरी रोज सुमारे 45 मिनिटे सराव करायचा असतो. मुख्य म्हणजे समोर शिक्षक असतो. प्रश्न विचारणाऱ्यांनी जबड्याचा प्रसंग वर्गात सांगितला असता तर शिक्षकाने त्यांचा वैतागलेला स्वर तिथल्या तिथे ओळखला असता. ॲपला तो ऐकू येत नाही. रोजची 10 मिनिटे ही त्या मूळ मात्रेची पातळ आवृत्ती आहे, हे ध्यानात ठेवून अपेक्षा ठेवाव्यात.

त्या पूर्ण मात्रेबद्दलही संशोधक हात राखूनच बोलतात. ध्यानाच्या कार्यक्रमांवरील 47 प्रयोग आणि 3515 सहभागी यांचा एकत्रित आढावा 2014 मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात आला होता. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर मध्यम प्रतीचा पुरावा सापडला, तर ताणावरचा पुरावा त्याहून कमकुवत निघाला. औषधे, व्यायाम किंवा इतर वर्तनोपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस ठरते, असे काही आढळले नाही. म्हणजे ध्यान निरुपयोगी ठरले असे नाही. उपयोग आहे, पण तो माफक आहे. ज्याला रोज अर्धा तास चालणे आवडते आणि डोळे मिटून बसणे आवडत नाही, त्याने खुशाल चालावे.

ॲपच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे: लोक ती उघडतच नाहीत. किमान 10,000 वेळा उतरवल्या गेलेल्या मानसिक आरोग्याच्या 93 ॲपच्या वापराची नोंद तपासणारा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 15 व्या दिवशी ॲप वापरणाऱ्यांचे मध्यक प्रमाण 3.9 टक्के होते आणि 30 व्या दिवशी 3.3 टक्के. प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीने 24 दिवस काढले आहेत, हेच मुळात अपवादात्मक आहे. त्यांनी स्वतःला इतके बोल लावण्याचे कारण नाही.

चिकाटीबद्दल आणखी एक उदाहरण देतो, आणि हे उत्साह वाढवणारे आहे. दोन कंपन्यांतील 238 निरोगी कर्मचाऱ्यांवर आठ आठवड्यांचा एक प्रयोग झाला होता. ध्यान करणाऱ्या गटाला ॲपवर 45 सत्रे दिली होती. प्रत्यक्षात सरासरी 17 सत्रे झाली, म्हणजे आठवड्याला जेमतेम दोन. तरीही मानसिक स्वास्थ्य आणि कामाचा जाच या मोजमापांत त्या गटाची स्थिती प्रतीक्षा यादीतील, म्हणजे तोपर्यंत ॲप न मिळालेल्या, गटापेक्षा सुधारलेली दिसली. प्रतीक्षा यादीशी केलेली तुलना ही सोपी तुलना असते, हे मान्य. परंतु रोज एक सत्र झालेच पाहिजे, नाहीतर सगळे वाया, या हिशेबाला मात्र आधार नाही. हिशेबाच्या खात्यातील माणसाला हे पटवणे अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

शेवटचा मुद्दा खासगीपणाचा. तुमची झोप, मनःस्थिती, भीती हे सगळे अशा ॲपमध्ये नोंदवले जाते. फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला संस्थेने 2022 मध्ये मानसिक आरोग्य आणि प्रार्थना यांच्या 32 ॲपची पाहणी केली, तेव्हा 28 ॲपना खासगीपणाबाबत इशाऱ्याची खूण द्यावी लागली. नाव-गाव न देता चालणारे, संपर्क यादी न मागणारे ॲप निवडावे आणि मनःस्थितीची रोजनिशी साध्या वहीत लिहावी. फुकट हवे असेल तर अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने काढलेले 'माइंडफुलनेस कोच' आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील रिचर्ड डेव्हिडसन यांच्या कामातून उभे राहिलेले 'हेल्दी माइंड्स प्रोग्राम' आहे. दोन्ही इंग्रजीत आहेत, ही अडचण मात्र आहे.

सावकाश यांचे उत्तर

एक सावधगिरी कोणीच लिहिली नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. ध्यानाचा काही जणांना त्रास होतो. 83 अभ्यासांचा 2020 मधील एक आढावा सांगतो की सुमारे 8 टक्के लोकांत अनिष्ट परिणाम दिसले. त्यांत चिंता आणि उदासी हे सर्वाधिक वेळा आढळले. मनावर जुना आघात असेल किंवा घाबरण्याचे झटके येत असतील, तर श्वासाकडे लक्ष देण्यानेच श्वास कोंडल्यासारखा वाटू शकतो. अशा वेळी रेटून बसू नये. डोळे उघडे ठेवावेत, लक्ष श्वासावरून काढून तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श किंवा खोलीतील आवाज यांवर न्यावे, आणि सत्र तीन मिनिटांवर आणावे.

ताळेबंद, आपण लिहिलेले त्या प्रकारचे वाटत नाही; जाणीव तीक्ष्ण झाली आहे आणि तिच्यामागून टीका येते आहे, इतकेच दिसते. पण धडधड वाढत गेली, झोप सलग बिघडली किंवा आपण स्वतःपासूनच तुटल्यासारखे वाटू लागले, तर ॲप बंद करून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ॲप हे उपचारांच्या जागी वापरायचे साधन नाही.

ताळेबंद यांचा पुढील प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. लगेच उत्तर देण्याऐवजी 12 दिवस थांबले, कारण मधे महिनाअखेर येत होती आणि ती पार पडल्याशिवाय काही सांगण्यात अर्थ नव्हता.

ॲप तपासले. त्यात अवघड भावनांसोबत राहण्याचे पाठ आहेत, पण ते तिसऱ्या टप्प्यात ठेवलेले आहेत आणि मी पहिल्याच टप्प्यातील श्वासाची सत्रे उलटसुलट करत बसले होते. थेट तिसऱ्या टप्प्यावर गेले. फोन विमान मोडवर टाकून कपाटावर ठेवते. आकडा लपवता आला नाही, म्हणून एक दिवस चुकवला; आकडा 29 वरून शून्यावर आला, आणि मला त्याचे वाईट वाटते आहे हे पाहून मलाच हसू आले.

महिनाअखेरच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन खात्यांतील फरक काही केल्या सापडत नव्हता. शेजारच्या टेबलावरून "झालं का?" अशी तिसऱ्यांदा विचारणा झाली, आणि माझ्या छातीत गरम काहीतरी वर चढले. नेहमी मी अशा वेळी आकड्यांत आणखी डोके खुपसते. या वेळी पेन खाली ठेवले आणि पाहिले: छातीच्या मध्यभागी, वीतभर जागेत, घशाकडे सरकणारी ऊब. तिला "असू दे" म्हटले. पहिल्यांदा करड्या स्वरातच म्हटले गेले, तेही लक्षात आले, आणि मग पुन्हा जरा बऱ्या स्वरात म्हटले. ती ऊब गेली नाही. पाच-सहा श्वासांनंतर ती तिथेच होती, फक्त घशापाशी येऊन थांबली होती, आणि मला "अजून अर्धा तास लागेल" हे साध्या आवाजात सांगता आले. फरक पुढे पाऊण तासाने सापडला. एक रक्कम दोनदा नोंदवली गेली होती. सरावामुळे तो लवकर सापडला असे मी म्हणणार नाही. घरी जाऊन कोणावर डाफरले नाही, एवढे मात्र खरे.

दिवसातून पंधरा-वीस वेळा शरीरातील ताण लक्षात येणे अजून चालूच आहे. त्याचा वैताग पूर्वीइतका येत नाही. रात्रीची जाग कमी झालेली नाही.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. फरक मोजायचा कसा, याचे उत्तर अजून मिळाले नाही. आणि मार्गदर्शन करणारा आवाज कायम लागतो का?

पुन्हा_श्वास यांचे उत्तर

मोजण्यासाठी शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेली, जाणवणाऱ्या ताणाची प्रश्नावली वापरता येईल. तिची 10 प्रश्नांची आवृत्ती सर्वाधिक वापरात आहे. गेल्या महिन्यात किती वेळा अस्वस्थ वाटले, किती वेळा गोष्टी आपल्या हातात आहेत असे वाटले, अशा प्रश्नांना 0 ते 4 गुण द्यायचे आणि 40 पैकी बेरीज करायची. बेरीज जास्त तेवढा ताण जास्त. त्यांतील चार प्रश्न उलट्या अर्थाचे आहेत, त्यांचे गुण उलटे धरायचे असतात, हे विसरू नका. प्रश्न गेल्या महिन्याबद्दल असल्यामुळे ती महिन्यातून एकदाच भरा. तुमच्या बाबतीत तारीख महत्त्वाची आहे: एकदा महिनाअखेरीला आणि एकदा महिन्याच्या मध्याला भरून तुलना केलीत, तर काहीच कळणार नाही. दर महिन्याच्या 10 तारखेला भरा. ही प्रश्नावली निदानासाठी नाही, स्वतःची स्वतःशी तुलना करण्यापुरती ती पुरेशी आहे. शिवाय आधी सांगितले तसे, जाणवणारा ताण आणि शरीराची प्रतिक्रिया या दोन गोष्टी बरोबरीनेच उतरतील असे नाही, म्हणून घरी किती वेळा डाफरलात याचीही वहीत खूण करत जा. मला तर ते मोजमाप अधिक विश्वासाचे वाटते.

रात्रीच्या जागेसाठी श्वास मोजण्याचा नाद धरू नका. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, त्यामुळे श्वास सावकाश, लांबवत सोडला तर मदत होते. पण त्यासाठी फोन हातात घ्यावा लागला, तर न जुळलेल्या रकमांआधी संदेशच दिसतील.

आवाज कायम लागत नाही. आठवड्यातून पाच दिवस आवाजासह आणि दोन दिवस नुसती सुरुवातीची आणि शेवटची घंटा, असे करून पाहा. घंटेच्या दिवशी पहिली तीन-चार मिनिटे ओसाड वाटतील. त्या वेळी ॲपमधल्या त्या बाईंचे किंवा बुवांचे एखादे वाक्य मनात ऐकू आले, तर येऊ द्या. माझ्या बाबतीत दीड वर्षाने तो आवाज गेला. कधी गेला ते मला कळले नाही.

ताळेबंद यांचा प्रतिसाद

10 तारीख परवाच आहे. प्रश्नावली छापून वहीत चिकटवली आहे, आणि उलट्या गुणांच्या चार प्रश्नांपुढे पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. आज घंटेचा पहिला दिवस होता. चौथ्या मिनिटाला फोन बंद पडला असावा अशी शंका आली, म्हणून उठून कपाटापाशी जाऊन पाहिले. चालू होता.